बालगृहाचा उंबरठा ओलांडतांना

वयाचीं अठरा वर्षें पूर्ण झालीं कीं कायद्याच्या दृष्टीनें मूल सज्ञान होतें. आईबापांजवळ वाढणाऱ्या मुलाच्या आयुष्यांत त्या दिवसानें सहसा कांहींच बदलत नाहीं. दुसऱ्या दिवशींचा चहा त्याच स्वयंपाकघरांत मिळतो. बालगृहांत वाढलेल्या मुलास मात्र तो दिवस निरोपाचा ठरतो. ज्या घंटेवर तें उठलें, जेवलें, झोंपलें, ती घंटा आतां वाजणार नसते. आणि भाड्याची खोली, अनामत रक्कम, बँकेचें खातें, शिधापत्रिका हें सारें एकदम पुढ्यांत येऊन पडतें.

कायद्यानें या प्रसंगाचा विचार केलेला आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या ४६ व्या कलमांत संस्था सोडणाऱ्या तरुणास आर्थिक साहाय्य देण्याची तरतूद आहे, आणि वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत, विशेष प्रसंगीं आणखी दोन वर्षें, त्याचें अनुरक्षण होऊं शकतें. महाराष्ट्रांत त्याकरितां अनुरक्षणगृहें आहेत. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत दरमहा ४,००० रुपयांचें साहाय्य सांगितलें आहे; आणि राज्य शासनानें २०१८ सालीं अनाथांसाठीं शिक्षणांत व शासकीय नोकऱ्यांत एक टक्का आरक्षण ठेवलें. हीं साधनें मोलाचीं खरीं. परंतु प्रमाणपत्रासाठीं कचेरीचे खेटे घालतांना, आणि एकदां नकार मिळाल्यावर पुन्हां जातांना, पाठीशीं कोणी नसेल तर तीं कागदावरच राहतात.

रात्रीं ताप चढला तर फोन कोणाला करावयाचा? या साध्या प्रश्नाला उत्तर नसणें हें या तरुणांचें खरें दारिद्र्य होय. मोठ्या माणसांचा त्यांना अनुभव तरी कसा असतो? अधीक्षकांची बदली होते, काळजीवाहक नोकरी सोडतात, दिवाळींत फराळ वाटून छायाचित्र काढून गेलेले दाते पुन्हां दिसत नाहींत. मग नवा कोणी आपुलकीनें जवळ आला कीं असा मुलगा त्याची परीक्षा पाहतो: फोन उचलीत नाहीं, सुटलेली नोकरी लपवितो, ठरलेल्या वेळीं येत नाहीं. याला कृतघ्नपणा म्हणण्याची घाई पुष्कळजण करतात, आणि तेथेंच संबंध तुटतो. विश्वास बसतो तो अशा दोन-तीन चुकांनंतरही पुढच्या रविवारीं पुन्हां फोन आला म्हणजे.

म्हणून हें नातें निरोपाच्या आठवड्यांत जुळविणें व्यर्थ आहे. तें पंधराव्या-सोळाव्या वर्षींच सुरू व्हावें, संस्थेच्या माहितींत असावें, आणि माणूस मुलानेंच निवडलेला असावा. तो अधिकारीच असला पाहिजे असें नाहीं. कित्येकदां ती स्वयंपाकघरांतील मावशी असते. तिनें मुलीला बाजारांत नेऊन महिन्याचें वाणसामान भरावयास शिकविलें, बँकेंत पैसे काढतांना शेजारीं उभी राहिली, तर त्यांतून जें घडतें तें समुपदेशनाच्या तासांत घडत नाहीं. मात्र जें पाळतां येणार नाहीं तें वचन तिनेंही देऊं नये.

इंग्लंडमध्यें २००० च्या कायद्यानें अशा तरुणांना वैयक्तिक सल्लागार देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली, आणि २०१७ च्या कायद्यानें ती सोय पंचविसाव्या वर्षापर्यंत वाढविली. वयाची ही मर्यादा शहाणपणाची वाटते. पण सल्लागार दर वर्षीं नवा येऊं लागला, तर तेथेंही तरुणास आपली कहाणी पुन्हां पहिल्यापासून सांगावी लागणार.

खोली पाहावयास गेलेल्या मुलीला घरमालक पहिला प्रश्न विचारतो, "घरीं कोण कोण असतें?" ती खालीं मान घालते. त्या वेळीं बरोबर आलेल्या मावशींनीं "मी आहें, माझा नंबर लिहून घ्या" एवढें म्हटलें, तर पुष्कळदां किल्ली हातांत पडते.