यंत्राला कंटाळा येत नाही!

समजा, तुम्ही नाशिकच्या इंदिरानगरात राहता. संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवर धावलात, की ॲपमधला नकाशा लगेच स्टोरीला. स्पर्धेच्या निकालात तुमचं पूर्ण नाव, प्रवेशाच्या यादीत प्रवर्ग, गावच्या सातबाऱ्यावर वडिलांचं नाव आणि मतदार यादीत वय, घर क्रमांक. यातलं काहीच चोरीचं नाही, सगळं उघड्यावरच आहे. तरी आपण निर्धास्त होतो. एवढे तुकडे जोडत बसायला वेळ कुणाला होता?

थोडक्यात, समोरच्याचा कंटाळा हेच आपलं कुलूप होतं. मतदार याद्यांचंच बघा ना. निवडणूक आयोग त्या चित्ररूपात टाकतो, म्हणजे नाव टाइप करून शोधता येत नाही. त्या शोधता येतील अशा द्या, ही काँग्रेस नेते कमलनाथ यांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये फेटाळली. हवं तर स्वतः मेहनत करून रूपांतर करा, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. आज ती मेहनत एआय करतं. चित्रातलं मराठी वाचतं, दहा ठिकाणचे तुकडे जुळवतं आणि तुमची कुंडली मांडतं. नावसाधर्म्य असेल तर भलत्याची माहितीही बिनधास्त चिकटवतं!

मग फोनवरचा भामटा तुमचं कॉलेज, गाव, वडिलांचं नाव घेऊनच बोलायला लागतो. रोज सातला ट्रॅकवर जाणाऱ्या मुलीचं वेळापत्रक अनोळखी माणसाकडे असू शकतं.

कायदा आहे की! खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही झाला. पण त्यात एक मेख आहे. जी माहिती तुम्ही स्वतःच जाहीर केलीत किंवा जी जाहीर करणं कायद्यानेच बंधनकारक आहे, तिला हा कायदा लागू नाही.

त्यामुळे आपल्या हातातलं तरी सांभाळा. स्वतःचं नाव शोधून बघा, काय काय निघतंय ते. धावण्याच्या नकाशातला घराजवळचा भाग लपवा. लोकेशन टाकायचंच असेल तर तिथून निघाल्यावर टाका.

आणि हो, फेस्टच्या नोंदणीचं शीट ‘लिंक असेल त्याला खुलं’ ठेवलं असेल, तर आधी ते बंद करा. त्यात तुमच्या मित्रमैत्रिणींचे नंबर आहेत आणि त्यांनी ते तुमच्या भरवशावर दिलेत.