अंडी व रक्तातील कोलेस्टेरॉल

अंडी व रक्तातील कोलेस्टेरॉल : अंड्यांतून मिळणाऱ्या कोलेस्टेरॉलाचा रक्तातील कोलेस्टेरॉलाच्या प्रमाणावर आणि आरोग्यावर होणारा परिणाम हा आहारशास्त्रातील दीर्घकाळ चर्चिला गेलेला प्रश्न आहे. कोलेस्टेरॉल हा मेणासारखा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ असून तो मुख्यतः प्राणिज अन्नात आढळतो. कोशिकांची (पेशींची) पटले, पित्ताम्ले, ड जीवनसत्त्व व काही हॉर्मोने यांच्या निर्मितीसाठी तो शरीरास आवश्यक असतो.

कोंबडीच्या एका अंड्याच्या सुमारे ५० ग्रॅ. खाद्य भागात सु. ६ ग्रॅ. प्रथिने, ५ ग्रॅ. वसा (स्निग्ध पदार्थ) व १९० मिग्रॅ. कोलेस्टेरॉल असते. कोलेस्टेरॉल सर्वस्वी पिवळ्या बलकात असते. पांढऱ्या भागात ते नसते. वसेपैकी केवळ दीड ग्रॅ.च्या आसपास संतृप्त असते.

अंड्याविषयीच्या साशंकतेचे मूळ प्राण्यांवरील प्रयोगांत आहे. १९१३ मध्ये न्यिकली अनिचकॉव्ह व स्यिम्यॉन खलाटॉव्ह या रशियन शास्त्रज्ञांनी सूर्यफुलाच्या तेलात विरघळविलेले कोलेस्टेरॉल सशांना खाऊ घातले, तेव्हा त्यांच्या रोहिण्यांच्या भित्तींत वसामय थर साचले. परंतु ससा शाकाहारी असल्याने जादा कोलेस्टेरॉलाची विल्हेवाट लावण्याची क्षमता त्याच्यात अल्प असते. म्हणून हा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू पडत नाही. तरीही १९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने रोजच्या आहारात कोलेस्टेरॉल ३०० मिग्रॅ.पेक्षा कमी आणि आठवड्यात बलक तीनपेक्षा अधिक नसावेत, अशी शिफारस केली.

माणसाच्या शरीरातील बहुतांश कोलेस्टेरॉल शरीरातच, विशेषतः यकृतात, तयार होते. अन्नातून ते अधिक आल्यास यकृत आपली निर्मिती घटविते व काही भाग पित्तावाटे बाहेर टाकते. आतड्यातून होणारे शोषणही अपुरे असून ते व्यक्तीगणिक बदलते. १९९१ मध्ये वर्णिलेला ८८ वर्षांचा एक वृद्ध अनेक वर्षे रोज सु. २५ अंडी खात असूनही त्याच्या रक्तातील कोलेस्टेरॉल सामान्य होते. त्याचे शोषण फार कमी व पित्ताम्लांची निर्मिती जास्त असल्याचे आढळले. हा अपवाद असला, तरी नियमनाची यंत्रणा त्यावरून स्पष्ट होते. आहारातील कोलेस्टेरॉल रोज १०० मिग्रॅ.ने वाढविल्यास रक्तातील एकूण कोलेस्टेरॉल दर १०० मिलि.मागे सरासरी २ ते ३ मिग्रॅ.नेच वाढते. काही व्यक्तींत मात्र ही वाढ बरीच अधिक असते.

याउलट, लोणी, तूप, चरबीयुक्त मांस इत्यादींमधील संतृप्त वसेचा परिणाम अधिक असतो. रक्तातील कमी घनतेची वसाप्रथिने टिपून घेणारी यकृतातील ग्राही केंद्रे तिच्यामुळे कमी होतात आणि रोहिणीविलेपी विकारास कारणीभूत होणारे कोलेस्टेरॉल रक्तातच साचते. ही ग्राही केंद्रे शोधून काढल्याबद्दल मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. साहजिकच उकडलेले अंडे आणि भरपूर लोण्यात केलेले ऑम्लेट यांचा परिणाम सारखा नसतो.

अमेरिकेच्या २०१५–२० च्या शासकीय आहार-मार्गदर्शिकेत ३०० मिग्रॅ.ची मर्यादा वगळण्यात आली. मात्र आहारातील कोलेस्टेरॉल शक्य तितके कमी ठेवावे, हा सल्ला कायम राहिला. लोकसमूहांच्या पाहण्यांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत : १९९९ व २०२० मधील मोठ्या अमेरिकी अभ्यासांत रोज एका अंड्यापर्यंतच्या सेवनाचा हृद्‌रोगाशी संबंध आढळला नाही, तर २०१९ मधील एका अभ्यासात अधिक सेवनाबरोबर धोका थोडा वाढलेला दिसला. अशा पाहण्यांत अंड्यांसोबत खाल्ले जाणारे पदार्थ, धूम्रपान व व्यायाम यांचा प्रभाव पूर्णपणे वेगळा काढता येत नाही.

सारांश, निरोगी व्यक्तीने समतोल आहारात रोज एक अंडे खाणे सामान्यतः अपायकारक मानले जात नाही. अंडे हे उत्तम प्रथिनांचे तुलनेने स्वस्त साधन आहे. मधुमेही, हृद्‌रोगी आणि आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलता असणारे यांनी मात्र रक्त तपासून वैद्यकीय सल्ल्यानेच बलकाचे प्रमाण ठरविणे इष्ट असते.