क्रोटनची रोपवाटिका : वऱ्हाडचा उन्हाळा सोसलेले रोप

कपाशी-सोयाबीनच्या मुलखात शोभेच्या झाडांचा धंदा म्हटले की लोक हसतात. पण अकोल्यात नवे ले-आऊट पडतात, शाळा, दवाखाने, मंगल कार्यालये उभी राहतात आणि त्यांच्या दारात कुंड्या लागतातच. त्या कुंड्यांतले हमखास झाड म्हणजे क्रोटन. लाल, पिवळ्या, केशरी पानांचे हे ठेंगणे, सदाहरित झुडूप मूळचे इंडोनेशिया-मलेशियाकडचे. बार्शीटाकळीत ज्यांच्या घरामागे थोडी मोकळी जागा आणि गोड्या पाण्याची सोय आहे, त्यांना हा जोडधंदा करता येण्यासारखा आहे.

रोपविक्रेते बराच माल आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळच्या कडियम येथून मागवतात. गोदावरीच्या दमट हवेत वाढलेले हे रोप एप्रिलमध्ये वऱ्हाडात उतरले की पाने गाळते. गिऱ्हाईक दुकानदाराला बोल लावते आणि पुन्हा फिरकत नाही. भावात कडियमशी टक्कर देण्याच्या भानगडीत पडू नये. आपण विकायचे ते इथला उन्हाळा काढलेले रोप.

पावसाळ्यात गुटी बांधावी. पेन्सिलीएवढ्या फांदीची इंचभर साल गोलाकार काढून ओले शेवाळ लावावे आणि प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळावे. महिना-दीड महिन्यात मुळ्या दिसतात. शेंड्याच्या छाट कलमांनीही रोपे होतात, खर्चही कमी. मात्र ती सावलीत, दमट हवेत ठेवावी लागतात. फांदी कापताना निघणारा चीक कपड्यांवर डाग पाडतो, काहींच्या अंगाला खाजही सुटते. हातमोजे घालावेत, मुलांना दूर ठेवावे.

पिशवीत निव्वळ काळी माती भरणे म्हणजे भांडवल बुडवणे. ती पाणी धरून ठेवते आणि मुळ्या कुजतात. वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यातील विहिरीच्या पाण्याने पानांच्या कडा करपतात; म्हणून पाणी आधी तपासून घ्यावे.

खरी परीक्षा मे महिन्यात. पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी लागतेच. पण जाळीच्या मोहात पडून गर्द सावली केली तर पाने हिरवीच राहतात आणि हिरव्या क्रोटनला कोण विचारतो? रंग उजेडाने चढतो. म्हणून पाऊस सुरू झाला की रोपे टप्प्याटप्प्याने उन्हात आणावीत. कोरड्या हवेत लाल कोळी पडतो. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मारत राहावा. पिठ्या ढेकूण दिसताच ती फांदी छाटून जाळावी.

या हिशेबात पैसा जवळजवळ वर्षभर अडकतो. पावसाळ्यात बांधलेली गुटी पुढच्या जूनमध्ये विक्रीला येते. तोपर्यंत घर दुसऱ्या कमाईवर चालले पाहिजे. कर्ज काढून हजारो पिशव्या भरणाऱ्याला पहिलाच कडक उन्हाळा रस्त्यावर आणू शकतो. थोड्या मातृवृक्षांपासून सुरुवात करावी. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे. तेथील उद्यानविद्या विभागात एक चक्कर टाकून मगच जाळी विकत घ्यावी.