चौकटीतले चित्र: १२० × ४५ ची कसोटी
‘स्टीम’ या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन दुकानात खेळाची पहिली ओळख ‘कॅप्सूल’, म्हणजे नाव आणि चित्र असलेली आयताकृती चौकट, करून देते. यादीत ती कधी १२० × ४५ पिक्सेल, अर्थात चित्रबिंदू, इतकी आक्रसत असल्याने मोठ्या चित्रातील बारकावे तेथे दिसेनासे होतात. म्हणूनच स्वतंत्र निर्मात्याच्या मारधाडीच्या खेळासाठी एकच पात्र, शस्त्र उगारलेली तिरकी देहरेषा आणि पार्श्वभूमीहून ठळकपणे वेगळा रंग ही रचना परिणामकारक ठरते. सर्वांत लहान चौकटीत तर जाड, सुवाच्य नावानेच बहुतेक जागा व्यापलेली उत्तम. १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या नियमानुसार या चित्रावर पुरस्कार, परीक्षणांतील गुण किंवा सवलतीचा मजकूर टाकता येत नाही, आणि छोट्या निर्मात्यांच्या दृष्टीने हा नियम न्याय्यच आहे.