व्यावसायिक करार व महाविद्यालयीन खेळाडू
व्यावसायिक करार व महाविद्यालयीन खेळाडू : शालेय शिक्षणानंतर विद्यापीठात न जाता, वा तेथील शिक्षण अर्धवट सोडून, व्यावसायिक संघाशी करार करण्याची खेळाडूंची प्रथा. तिचे सर्वांत नियमबद्ध रूप अमेरिकेतील बेसबॉल या खेळात आढळते. तेथील व्यावसायिक संघ १९६५ पासून दरवर्षी ठराविक क्रमाने नवे खेळाडू निवडतात. माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेला खेळाडू या निवडीस पात्र असतो. मात्र चार वर्षांच्या महाविद्यालयात दाखल झाल्यास साधारणतः तीन वर्षे किंवा वयाची २१ वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याला थांबावे लागते. करार केल्यास महाविद्यालयीन बेसबॉल खेळण्याची पात्रता सामान्यतः संपते. त्यामुळे करारापोटी मिळणारी रोख रक्कम व शिष्यवृत्ती यांतून एकाची निवड अठराव्या वर्षीच करावी लागते. काही करारांत पुढील शिक्षणाच्या खर्चाची तरतूद असते.

भारतात विद्यापीठ हा व्यावसायिक खेळाचा मुख्य मार्ग नाही. तालीम, मंडळे व जिल्हा संघटना यांतून खेळाडू पुढे येतो. खानदेशातील जळगाव व धुळे जिल्ह्यांतही, जळगाव येथे १९९० मध्ये विद्यापीठ स्थापन झाले असले, तरी कुस्ती व कबड्डी यांची जडणघडण मुख्यत्वे आखाड्यात व मैदानावरच होते. प्रो कबड्डी लीग (२०१४) सुरू झाल्यापासून तरुण खेळाडूंना संघांचे करार मिळू लागले. तथापि असे करार थोड्यांनाच लाभतात व ते अल्पमुदतीचे असतात.

म्हणून ग्रामीण खेळाडूचे लक्ष बहुधा कायम नोकरीकडे असते. चाळीसगाव तालुक्यातील विजय चौधरी यांनी २०१४ ते २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी किताब जिंकला व राज्य शासनाने त्यांना पोलीस उपअधीक्षकपदी नियुक्त केले. असा मान विरळाच. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५% आरक्षण आहे. परंतु पदाची विहित शैक्षणिक अर्हता त्यांनाही सामान्यतः आवश्यक असते. भुसावळ हे मोठे केंद्र असलेल्या रेल्वेतही खेळाडूंची भरती होते; तेथे वरच्या श्रेणीसाठी पदवी, तर खालच्या श्रेणीसाठी शालेय अर्हता लागते.

याचा अर्थ, खेळासाठी महाविद्यालय सोडणाऱ्याचे खेळातील नुकसान थोडे असले, तरी दुखापत झाल्यास वा करार संपल्यास पदवीअभावी त्याच्यापुढील वाटा आखूड होतात. अमेरिकेतील काही करारांत असणारी शिक्षणखर्चाची तरतूद या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे.