पुरुषांच्या पटावरची तेरा वर्षांची मुलगी

२८ जुलै २०२५ला नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबर ग्रँडमास्टर किताबही मिळवला. घाटकोपरला आमच्या इमारतीत पेढे वाटले गेले. मीही वाटले. पण मराठी मुलगी पटाशी बसते हे नवल आत्ताच घडलंय अशा थाटात त्या रात्री वाहिन्यांवर बोलणं चाललं होतं. मी ऐकलेल्या एकाही चर्चेत खाडिलकर हे नाव निघालं नाही. ते मला लागलं आणि अजून सलतंय, कारण १९७६ला यंदा पन्नास वर्षं झाली.

त्याआधीच्या काळात माझा जीव रमत नाही. मॅन्युएल आरन १९५९ ते १९८१ या काळात नऊ वेळा राष्ट्रीय विजेते झाले, देशाचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर झाले. मोठा माणूस. पण ते सगळं मद्रासला चालायचं, घाटकोपरला आमच्या पंतनगरात त्याची झुळूकही येत नसे.

आली ती १९७४नंतर. त्या वर्षी बंगलोरला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि वासंती खाडिलकर जिंकली. मग जयश्री, मग रोहिणी. पहिल्या दशकात हे विजेतेपद त्या एका घराबाहेर गेलंच नाही. घर गिरगावातलं, ‘नवाकाळ’चं. संपादक नीलकंठ खाडिलकरांच्या या तीन लेकी. आम्हा शाळकरी मुलींना त्यांचा केवढा आधार वाटायचा! जिन्याच्या पायरीवर पट मांडून आम्ही पेपरात छापलेला डाव चालीगणिक लावायचो. वर-खाली करणारी माणसं ओरडायची, प्यादी लवंडायची, आम्ही पुन्हा मांडायचो. वासंती कोण, जयश्री कोण, यावरून भांडणं व्हायची. रोहिणी व्हायला मात्र प्रत्येकीला हवं असायचं.

कारण १९७६मध्ये ती तेराव्या वर्षी महिलांची राष्ट्रीय विजेती झाली आणि त्याच वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत जाऊन बसली. केवढा गहजब झाला! मुलींनी मुलींत खेळावं, पुरुषांच्या पटावर यांचं काय काम, असं म्हणणारी शहाणी माणसं आमच्याही इमारतीत होती. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथे तिची बाजू टिकली. जागतिक महासंघाचे अध्यक्ष डॉ. मॅक्स युवे यांना सांगावं लागलं, की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्त्रियांना अडवता येणार नाही. आणि पटावर काय झालं? गुजरातचे गौरांग मेहता, महाराष्ट्राचे अब्दुल जब्बार, बंगालचे ए. के. घोष, तीन राज्यांचे विजेते या पोरीकडून हरले. जिन्यावरून टोमणे मारणाऱ्यांपैकी एकानंही नंतर हूं की चूं केलं नाही. मी त्यांना तेव्हाही माफ केलं नव्हतं, आजही करत नाही.

तुलनेला जपान घ्या. तिथे शोगी नावाचं त्यांचं स्वतःचं बुद्धिबळ आहे. तिथे स्त्रियांचा पहिला किताब सुरू झाला तोही १९७४मध्येच. पण त्यांनी स्त्रियांची वाट वेगळीच ठेवली. मुख्य व्यावसायिक दर्जा स्त्रियांना नियमानं बंद नाही, तरी जानेवारी २०२५मध्ये शोगीपटू निशियामा तोमोका त्या दर्जाच्या परीक्षेचा पाचवा, निर्णायक डाव हरली तोवर एकही स्त्री तिथवर पोचली नव्हती. गिरगावच्या मुलीनं तशाच दाराला पन्नास वर्षांपूर्वी धडक दिली होती.

१९८१ला हैदराबादच्या आशियाई स्पर्धेत रोहिणीनं बारा डावांत साडेअकरा गुण मिळवले. १९८३ला क्वालालंपूरला पुन्हा तीच आशियाई विजेती. पुढे प्रवीण ठिपसे १९८५मध्ये लंडनला राष्ट्रकुल विजेते झाले, असा मान मिळवणारे पहिले भारतीय. त्याच वर्षी भाग्यश्री साठे महिलांची राष्ट्रीय विजेती झाली. मुंबई तेव्हा खरंच बुद्धिबळाची होती. पण ठिपशांना ग्रँडमास्टर व्हायला १९९७ उजाडलं. त्या किताबासाठी परदेशी मास्टरांशी खेळावं लागतं. तशा स्पर्धा तेव्हा इथे विरळ होत्या, आणि विमानाचं भाडं कुणी द्यायचं? खेळाडूनं बँकेत नाहीतर रेल्वेत नोकरी धरायची आणि रजा काढून खेळायचं, ही रीत होती. जपानात मोठ्या शोगी किताबांमागे ‘योमिउरी’, ‘असाही’, ‘माइनिची’ ही वर्तमानपत्रं पैसा उभा करतात. वर्षाला चार-पाच जणच व्यावसायिक होतात, पण त्यांचं पोट खेळावर भरतं. आपल्याकडे वर्तमानपत्राच्या घरातून तीन विजेत्या निघाल्या, आणि त्यांतली सर्वात तेजस्वी १९९३मध्ये, तिशीत, खेळ सोडून पुढे ‘संध्याकाळ’ या वर्तमानपत्राची संपादक झाली. संपादक म्हणून ती कर्तबगारच. पण तिशीनंतरचे तिचे डाव आपल्याला बघायला मिळाले नाहीत, याची हळहळ मला आहे.

पंतनगरातल्या जुन्या इमारती पाडून आता टॉवर झालेत. आमच्या टॉवरच्या क्लबहाऊसमध्ये गणपतीत बुद्धिबळाची स्पर्धा असते. यंदाच्या पत्रकात ‘खुला गट’ आणि ‘मुलींचा गट’ असे दोन रकाने आहेत. खालच्या मजल्यावरच्या अकरा वर्षांच्या मुलीनं खुल्या गटात नाव दिलं, तर समितीनं ते परस्पर दुसऱ्या रकान्यात लिहिलं. “मुलींना वेगळं बक्षीस आहे ना,” असं उत्तर मिळालं. मी समितीला दोन पानी पत्र दिलंय. त्यात १९७६ साल आहे, डॉ. युवे यांचा निर्णय आहे, हरलेल्या तिन्ही विजेत्यांची नावं आहेत. रविवारी बैठक आहे. मी त्या मुलीला घेऊन जाणार आहे.