गरोदरपणात पायांना सूज : घरगुती उपाय कुठवर?

कर्जतहून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचे अंतर सुमारे शंभर किलोमीटर. लोकलच्या गर्दीत गरोदर नोकरदार महिलेला त्यातील बराच वेळ उभ्याने काढावा लागतो. कर्जत आणि खालापूरच्या वाड्यांवरील ठाकूर, कातकरी महिलाही भातलावणीत किंवा वीटभट्टीवर दिवसभर उभ्याच असतात. संध्याकाळी दोघींचेही पाय सुजतात.

गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळजवळ दीडपट होते. त्यातच वाढलेल्या गर्भाशयाचा दाब पायांकडून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या नीलेवर पडतो. परिणामी रक्त पायांत साठून द्रव आजूबाजूच्या ऊतींत झिरपतो. अशी सूज शेवटच्या महिन्यांत सर्रास आढळते आणि विश्रांतीनंतर कमी होते.

त्यावर साधे उपाय पुरेसे ठरतात. डाव्या कुशीवर झोपावे. दिवसातून दोन-तीन वेळा पायांखाली उशी घेऊन ते उंच ठेवावेत. बराच वेळ उभे राहणे किंवा पाय लोंबकळत ठेवून बसणे टाळावे; थोडे चालावे, घोटे फिरवावेत. कोमट पाण्यात पाय बुडवल्यास थकवा उतरतो. चपला सैल असाव्यात. सूज आली म्हणून पाणी पिणे कमी करू नये, तसेच मीठही पूर्णपणे तोडू नये.

लघवी वाढवणाऱ्या औषधांबाबत मात्र सावधगिरी हवी. सुजेवर पुनर्नवा अर्थात घेटुळी देण्याची परंपरा जुनी असली, तरी गरोदरपणात डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कोणतेही मूळ किंवा काढा घेणे योग्य नव्हे. या औषधांनी शरीरातील आवश्यक पाणी घटू शकते आणि मूळ आजार झाकला जातो.

तो आजार म्हणजे विसाव्या आठवड्यानंतर उद्भवणारा गर्भावस्थेतील उच्च रक्तदाब. त्याचा निदान न झाल्यास झटके येऊन माता व बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते. चेहरा आणि हातांवर अचानक आलेली सूज, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली दुखणे ही त्याची लक्षणे होत. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असल्यास तातडीने उपचार हवेत. एकाच पायाला सूज येऊन तो दुखत असेल, तर रक्ताच्या गुठळीची शंका घ्यावी लागते.

ही तपासणी अवघड नाही. रक्तदाब मोजणे आणि लघवीतील प्रथिने पाहणे एवढेच करायचे असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत २०१६ पासून दरमहा ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत ती मोफत होते. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र येथे विचारणा करावी. मात्र वरील लक्षणे दिसल्यास ९ तारखेची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रात्रभर विश्रांती घेऊनही सकाळी सूज उतरली नसेल, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा.